महिला चित्रपटकारांसाठी अनुदान (ग्रामीण विदर्भ)

माहितीपट, लघुपट किंवा कथापट करण्यासाठी महिला दिग्दर्शकांना मिळणारे, परत न करायचे अर्थसाहाय्य. गुंतवणूकदार नफ्यात वाटा मागतो, बँक व्याज मागते. अनुदानाला लागते ठरलेले काम आणि चोख हिशेब. विदर्भाच्या 11 जिल्ह्यांत कापूस, धान, जंगल आणि बाईची मजुरी हे विषय घराच्या उंबऱ्यावर आहेत. पण अर्ज चालतात कार्यालयाच्या वेळापत्रकाने आणि शेत चालते हंगामाने. काम बहुधा या दोहोंच्या मध्ये अडकते.

स्रोत : महाराष्ट्र शासनाची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीची योजना चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळून, परीक्षण झाल्यावर पैसे देते. बरीच वर्षे अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख अशी रक्कम होती. ती निर्मात्याच्या नावे निघते, म्हणून दिग्दर्शिका स्वतः निर्माती नसेल तर तिचा वाटा करारातच लिहून घ्यावा. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाने मात्र 2019 पासून महिला दिग्दर्शकांच्या निवडक चित्रपटांचा दीड कोटी रुपयांपर्यंतचा खर्च आधीच उचलला. जिच्या नावावर सातबारा नाही, तारण ठेवायला काही नाही, तिला आधी मिळणारे पैसेच उपयोगी पडतात. बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून अनुदाने देत आले आहे आणि भारतीय भाषांतले अर्ज घेते. तेव्हा इंग्रजी जमत नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. परदेशी निधीला 2010 चा विदेशी अंशदान कायदा लागू होतो. ओळखीच्या संस्थेच्या खात्यावर पैसे मागवून आपल्याकडे वळते करून घ्यायचे, हा जुना सल्ला आजही ऐकू येतो. 2020 च्या दुरुस्तीने ते बेकायदा ठरले आहे.

अर्ज : दोन-तीन पानांत विषय, पात्रे, चित्रीकरणाची पद्धत, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक, सोबत आधीच्या कामाचा नमुना. नमुना मोबाइलवर घेतलेला असला तरी चालतो, आवाज मात्र स्वच्छ हवा. वेळापत्रक लिहिताना हंगाम आधी मांडावा : पूर्व विदर्भात धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, कापसाची वेचणी साधारण दिवाळीपासून पुढे, मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता मेच्या सुमारास. निवडीला कित्येक महिने जातात. वेचणीवरच्या चित्रपटाचा पहिला हप्ता फेब्रुवारीत आला, तर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उपटलेले शेत तेवढे हाती लागते. त्यासाठी हप्ते हंगामाआधी मागावेत आणि हुकलेला हंगाम पुढच्या वर्षी धरण्याची मुभा करारात घालून घ्यावी.

परवानगीलाही वेळ धरावा लागतो. मेळघाट किंवा ताडोब्यात वनविभागाची परवानगी लागते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही आक्षेप असला तर चर्चा पुढच्या बैठकीत जाते. ‘परवानगी : एक दिवस’ असे लिहिलेला अर्ज गाव न पाहता लिहिलेला असतो, हे जाणकार परीक्षकाला लगेच कळते.

अंदाजपत्रक : सर्वाधिक चुका इथे होतात. वेचणीची मजुरी किलोवर असते. कमरेला ओटी बांधून बाई तासाला चार-पाच किलो कापूस वेचते आणि संध्याकाळी काट्यावर जेवढा भरेल तेवढ्याचे पैसे घेते. तिला तासभर कॅमेऱ्यासमोर बसवले की तेवढी मजुरी बुडते. ‘बुडालेल्या मजुरीची भरपाई’ हे कलम म्हणूनच वेगळे धरावे. ते मुलाखतीचे मानधन नव्हे, हेही तिथेच लिहावे. दिग्दर्शिकेचे मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार, शेवटची एसटी चुकल्यावरची गाडी आणि महिला चमूचा मुक्काम हे खर्च मागायला संकोच वाटतो. न मागितल्यास ते घरखर्चातून जातात.

साठवणुकीचे गणित सोपे आहे. सेकंदाला 100 मेगाबिट दराने चित्रण केले तर तासाला 45 जीबी होतात. 60 तासांचे चित्रीकरण 2.7 टीबी, दोन प्रतींचे 5.4. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. मेच्या उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो, त्यामुळे कामाचे तास सकाळी दहाच्या आतले धरावेत.

टेंपोवाला किंवा गावातली खानावळ पक्के बिल देत नाही. त्यांच्यासाठी तारीख, काम, रक्कम आणि सही किंवा अंगठा असलेले व्हाउचर त्याच दिवशी करावे. 5,000 रुपयांच्या वर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे. दुसरी अडचण नावाची. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे आणि पासबुकावर तिसरेच स्पेलिंग असले की हप्ता परत जातो. ही दुरुस्ती अर्जाआधी दोन-तीन महिने हाती घ्यावी.

संमतीपत्र मराठीत असावे, गोंडी भाषकांना ते गोंडीत वाचून दाखवावे. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या बाईला चेहरा न दाखवण्याचा आणि नंतर नकार देण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहावा.

शेवटचा हप्ता बहुधा अंतिम प्रत आणि खर्चाचा तपशील दिल्यावरच सुटतो, म्हणजे संकलकाचे व ध्वनिमिश्रणाचे पैसे काही काळ स्वतः उभे करावे लागतात. गावातल्या प्रदर्शनाचा पडदा, प्रोजेक्टर आणि जनरेटर त्यासाठी थांबवू नये, त्यांचे पैसे मधल्या हप्त्यात मागावेत. उन्हाळ्यात उघड्यावर नीट दिसण्याइतका अंधार साडेसातनंतरच होतो. स्वयंपाक आटोपून बायका यायच्या तर खेळ नऊचा ठेवावा.