छोटं विमान सांगून दगा देत नाही

बाहेर मस्त वीसेक अंश तापमान, हवा थोडी दमट, आभाळ स्वच्छ, आणि इंजिनाच्या आत बर्फ साचतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अजिबात पटलं नव्हतं. पण इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर असलेल्या छोट्या विमानात हे खरंच होतं, आणि स्वतःचं विमान घ्यायचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकाने आधी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कार्ब्युरेटरमध्ये काय होतं की पेट्रोलची वाफ होते आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती ते आजूबाजूच्या हवेतूनच ओढून घेतं, हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं ना तेच, शिवाय हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब उतरतो आणि त्यानेही ती थंड होते. दोन्ही मिळून तापमान तब्बल ३९ अंशांनी खाली येऊ शकतं. म्हणजे बाहेर २० अंश असले तरी आत शून्याच्या बरंच खाली. हवेतलं बाष्प तिथे गोठतं, हवेची वाट हळूहळू बुजत जाते आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, थोडे थोडे उतरतात. धक्का नाही, आवाज नाही. पायलटला वाटतं पॉवर कमी-जास्त करायचा थ्रॉटल जरा सरकला असेल, तो थोडा पुढे ढकलतो आणि गप्पा मारत पुढे जातो.

यावर उपाय म्हणजे कार्ब हीट, एक नॉब ओढला की एक्झॉस्टजवळची गरम हवा आत येते. पण खरी परीक्षा पुढे आहे. बर्फ वितळला की त्याचं पाणी इंजिनातच जातं, त्यामुळे इंजिन आधी जास्त खडखडतं, आरपीएम अजून पडतात, आणि ज्याला हे माहीत नाही तो घाबरून नॉब परत आत ढकलतो. थोडा वेळ कळ काढली असती तर इंजिन सुधारलं असतं. फ्युएल इंजेक्शन असलेल्या विमानांना हा त्रास नसतो.

मला यातून एकच गोष्ट सांगायचीय. छोट्या विमानातले बहुतेक मोठे धोके अंगाला जाणवत नाहीत. जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून ते आधी डोक्यात असायला लागतात.

साधं इंधन घ्या. प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढून बघतात, कारण पाणी जड असतं, तळाला बसतं, आणि रात्रभर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या हवेतलं बाष्पही थेंब होऊन खाली जातं. कपात दोन थर दिसले की पाणी आहे हे कुणालाही कळेल. पण समजा अख्ख्या कपात पाणीच आलं तर? मग थर दिसतच नाही, सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं आणि माणूस समाधानाने कप ओतून देतो. म्हणून रंग बघायचा. १०० एलएल नावाचं जे एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, जास्त वापरलं जातं त्यात मुद्दाम निळा रंग घातलेला असतो. कपातला द्रव निळसर नसेल तर तिथेच थांबायचं.

आता स्टॉल. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं, गाडी बंद पडते तसं. तसं नाहीये, स्टॉल पंखाचा होतो, इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही होतो. पंख समोरून येणाऱ्या हवेशी किती कोन करतो यावर सगळं अवलंबून आहे, साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे कोन गेला की वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहायची सोडते आणि उचल एकदम कमी होते. वेग कमी असताना विमान हवेत ठेवायला कोन वाढवावा लागतो म्हणून आपण स्टॉलला वेगाशी जोडतो, पण खरा गुन्हेगार कोनच. वळताना तर हे फार महत्त्वाचं. उंची न सोडता ६० अंश कलून वळलात तर पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो, आणि सरळ उडताना ५० नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटरला, स्टॉल होणारं विमान या वळणात सुमारे ७१ नॉटलाच स्टॉल होतं. ४५ अंशाला जवळपास ६०.

आणि जिथे हे सगळ्यात महागात पडतं ती जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. उंची दीड-दोनशे मीटर, वेग कमी केलेला, आणि वाऱ्याने विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं गेलंय. जमीन एवढी जवळ असताना विमान जास्त कलवायला मन तयार होत नाही, मग पायलट नकळत आतल्या बाजूचं रडर पेडल दाबून नाकच धावपट्टीकडे फिरवायला बघतो. त्याने बाहेरचा पंख वेगाने जातो, आतला मागे पडतो, विमान आपोआप आत कलायला लागतं, ते रोखायला तो योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, उलट्या बाजूला फिरवतो, त्यामुळे आतल्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती फळी, खाली जातं आणि त्याच पंखाचा कोन अजून वाढतो, नाक खाली जातंय म्हणून योक मागेही ओढला जातो, आणि शेवटी आतला पंख आधी स्टॉल होतो. विमान त्या बाजूला उलटतं. एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. वाईट याचं वाटतं की यातली प्रत्येक कृती त्या क्षणी त्याला जपून केल्यासारखीच वाटत असते. समोर पॅनलवर वाकड्या काचेच्या नळीत एक काळा बॉल असतो, तो मधोमध असला तर वळण नीट आहे, आणि रेषा चुकलीच तर पॉवर देऊन वर जायचं, चक्कर मारून परत यायचं. यात कमीपणा कसलाच नाही.

शरीरावर विश्वास ठेवू नका हे सगळेच सांगतात, पण का ते फार कमी जण सांगतात. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो, डोकं फिरलं की द्रव मागे राहतो आणि बारीक केस वाकतात, मेंदूला कळतं की आपण वळतोय. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदात द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतो, केस सरळ होतात, आणि मेंदू म्हणतो आपण सरळ चाललोय. आता विमान खरोखर सरळ केलं तर उलट्या बाजूला वळल्यासारखं वाटतं! आणि वळण फार हळू सुरू झालं तर कानाला ते पहिल्यापासूनच कळत नाही. बाहेर क्षितिज दिसत असेल तोवर डोळे हे सगळं सावरून घेतात, ढगात शिरलं की ती मदत संपली. मग विमान कलतं, नाक खाली जातं, वेग वाढतो, माणूस घाबरून योक मागे ओढतो आणि त्याने वळण फक्त अजून घट्ट होतं.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हे तपासलं होतं. नुसत्या उपकरणांवर उडवायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाही. नंतर त्यांना वळून परत फिरायची एक साधी पद्धत शिकवली तर जवळपास सगळ्यांना बाहेर पडता आलं, आणि मला त्या प्रयोगातला हा भाग जास्त मोलाचा वाटतो. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा हे छोटं विमान समुद्रात कोसळलं आणि तिघं गेले, तेव्हा ढगसुद्धा नव्हते. अंधारी रात्र, खाली पाणी, हवेत धुरकटपणा, क्षितिज दिसत नव्हतं. दिशाभ्रम होऊन ताबा सुटला असाच तपासाचा निष्कर्ष होता.

गरमीचंही थोडं सांगतो. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे पंख, पंखा आणि इंजिन तिघांनाही कमी हवा मिळते. समुद्रसपाटीपासून ५००० फुटांवरच्या धावपट्टीवर ३० अंश तापमान असेल तर विमान असं वागतं जणू ते ८००० फुटांवर आहे. त्यात चार सीट म्हणजे चार माणसं हा हिशोब करू नका, चार सीटच्या सेसना १७२ विमानात टाक्या पूर्ण भरल्या तर साधारण अडीचशे किलोच उरतात, माणसं आणि सामान धरून.

आणि मालकीचं म्हणाल तर विमान जास्त उडवल्याने जेवढं झिजत नाही तेवढं उभं राहून खराब होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या बाजूने खाली ऑईलमध्ये जातं. तासभर उड्डाण झालं की ऑईल नीट तापून ते वाफ होऊन निघून जातं, पण नुसतं जमिनीवर दहा मिनिटं इंजिन सुरू करून बंद केलं तर पाणी आतच राहतं, म्हणजे काळजी म्हणून केलेलं नुकसानच. लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, आठवड्यांनी त्यावरचं ऑईल निथळून जातं आणि उघड्या धातूवर गंज चढतो. म्हणूनच ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायची, मुदत देताना कंपनी २००० तास सांगते तशी १२ वर्षंही सांगते. स्वस्तात मिळतंय, फक्त थोडंच उडलंय, असं कुणी सांगितलं तर मी आधी विचारेन की मधली वर्षं ते कुठे आणि कसं उभं होतं.

तो गंज बाहेरून दिसत नाही. त्याने सुटलेला धातू दिसतो ऑईल बदलताना, जुना फिल्टर कापून आतला घडीचा कागद पिळून उलगडून उजेडात धरला आणि त्यावरून चुंबक फिरवला की. चुंबकाला बारीक चकचकीत चुरा चिकटला तर मेकॅनिकने बघेपर्यंत विमान हँगरमध्येच राहतं, आभाळ कितीही छान असलं तरी.