अमेरिकेचं तेल आखातातून येतं?

तेल आणि परराष्ट्र धोरणावरचा थरारपट पाहिला की एक वाक्य हमखास फॉरवर्ड होतं: ‘अमेरिकेच्या गाड्या आखाती तेलावरच चालतात, म्हणून तिची तिथे ढवळाढवळ.’

असं वाटणं साहजिक आहे. १९७३मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणं थांबवलं, त्या तेलबंदीत अमेरिकी पंपांवर रांगा लागल्याच होत्या. पण तिच्या तेल आयातीत गेली अनेक वर्षं पहिला क्रमांक कॅनडाचा आहे, आणि २०१८पासून कच्च्या तेलाच्या उत्पादनात ती स्वतःच जगात पहिली आहे.

मग आखाताची काळजी का? कारण तेलाचा भाव जागतिक असतो. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून (अरुंद समुद्री वाटेतून) जाणारं बहुतेक तेल आशियात येतं. ते अडलं तरी भाव टेक्सासमध्येही चढतो. (पडद्यावर हे दाखवण्यापेक्षा टँकरचा स्फोट सोपा!)

पडताळायचं असेल तर अमेरिकी सरकारचा देशनिहाय आयातीचा तक्ता इंटरनेटवर मोफत आहे. कॅनडा आणि सौदी अरेबियाच्या ओळी शेजारी ठेवून पाहा.