शहराच्या पर्यावरणाला प्रमुख आणायचा कुठून?

अमेरिकी विद्यापीठांच्या नोकरीच्या जाहिरातींत अधूनमधून एक नमुना दिसतो. शहरी पर्यावरण संशोधन केंद्राला संचालक हवा, उमेदवार ज्येष्ठ प्राध्यापक असावा, विषय जीवशास्त्र, भूगोल, स्थापत्य अभियांत्रिकी, धोरण अभ्यास 'किंवा संबंधित'. खरी गोची त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. रसायनशास्त्राला प्रमुख हवा असेल तर रसायनशास्त्रज्ञ शोधतात. शहराचं पर्यावरण शिकलेला माणूस मात्र परवापरवापर्यंत कुठल्याच विभागात तयार होत नव्हता. त्यामुळे अशा केंद्रांचे पहिले प्रमुख दुसऱ्याच शेतातून उचलून आणलेले आहेत.

परिसरशास्त्राने, म्हणजे इकॉलॉजीने, शहराकडे बराच काळ पाठ फिरवली होती. 1920 च्या दशकात शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी, रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांनी, वनस्पतींच्या अभ्यासातले शब्द उसने घेऊन शहरातल्या वस्त्या कशा सरकतात ते मांडलं. ज्यांचे शब्द उसने घेतले ते परिसरशास्त्रज्ञ मात्र जंगलातच राहिले. माणूस जिथे कमी तिथला निसर्ग खरा, असा एक सोवळेपणा त्या शास्त्रात होता. अपवाद पश्चिम बर्लिनचा. चहूबाजूंनी पूर्व जर्मनी, त्यात 1961 मध्ये भिंत उभी राहिली. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातले हर्बर्ट सुकॉप आणि त्यांचे सहकारी बॉम्बने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर आणि बंद रेल्वे यार्डांत काय उगवतं त्याची नोंद करत राहिले. शहरी परिसरशास्त्राची एक मोठी परंपरा अशी कोंडीतून निघाली.

अमेरिकेत वळण आलं ते पैशाच्या वाटेने. संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 1980 मध्ये दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाचं जाळं सुरू केलं. त्यातली पहिली सहा ठिकाणं जंगलं, गवताळ कुरणं, तळी अशीच होती. 1997 मध्ये या जाळ्यात दोन शहरं आली, ॲरिझोनातलं फिनिक्स आणि मेरीलँडमधलं बाल्टिमोर. दोन्हीकडे 'नेतृत्व कोणाचं' या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळालं.

फिनिक्सने घरचीच माणसं घेतली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या नॅन्सी ग्रिम वाळवंटातल्या ओढ्यांवर काम करत होत्या. त्यांच्या जोडीला चार्ल्स रेडमन, आणि हे चक्क पुरातत्त्वज्ञ. पर्यावरणाच्या प्रकल्पाला पुरातत्त्वज्ञ कशाला, असं वाटेल. पण फिनिक्स ज्या खोऱ्यात वसलंय तिथे होहोकाम लोकांनी शेकडो वर्षं कालव्यांवर शेती केली, पुढे ती वस्ती ओस पडली, आणि आजचे काही कालवे त्यांच्याच जुन्या चरांच्या आधाराने गेले आहेत. वाळवंटातलं शहर पाण्यावर कसं जगतं आणि कसं मोडतं याचा सर्वांत लांबचा हिशेब त्या रेडमन यांच्याकडे होता. मला ही निवड आजही सर्वांत हुशारीची वाटते.

बाल्टिमोरने बाहेरचा माणूस आणला, तोही शहराबाहेरच्या संस्थेतला. न्यूयॉर्क राज्यात मिलब्रुक नावाच्या गावी जीन लायकेन्स यांनी 1983 मध्ये परिसंस्था अभ्यासाची संस्था काढली होती. लायकेन्स यांचं नाव हबर्ड ब्रुकच्या जंगलाशी जोडलेलं. तिथे 1963 पासून एकेका छोट्या पाणलोटात काय येतं नि काय वाहून जातं याचा ताळेबंद मांडला जात होता. त्यांच्या संस्थेतले वनस्पती-परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ड पिकेट बाल्टिमोर प्रकल्पाचे प्रमुख झाले आणि जंगलातली तीच युक्ती शहरात आली. उपनगरातून निघून शहराच्या पोटातून जाणाऱ्या ग्विन्स फॉल्स या सुमारे 17,000 हेक्टरच्या पाणलोटावर मोजणी सुरू झाली. जंगलात न दिसणाऱ्या गोष्टी तिथे सापडल्या. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ ओढ्यांत उतरतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाल्टिमोर परिसरासह ईशान्य अमेरिकेतले ओढे होते, आणि हिवाळ्यात त्यांतल्या काहींचं क्लोराइड समुद्राच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या 25 टक्क्यांपर्यंत चढलेलं आढळलं. पाणी पिणाऱ्या शहरांनी झोप उडवून घ्यावी असा आकडा.

प्रकल्पाचं क्षेत्र-कार्यालय होतं मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी परिसरात, म्हणजे युएमबीसीत. 1966 मध्ये वर्ग सुरू झालेलं हे तरुण विद्यापीठ. शेजारी एवढं मोठं काम चाललंय तर आपलंही स्वतःचं केंद्र हवं, या विचाराने शतकाच्या वळणावर तिथे शहरी पर्यावरण संशोधन आणि शिक्षण केंद्र निघालं. त्याच्या संचालकपदी आल्या क्लेअर वेल्टी. एमआयटीच्या पीएचडी, भूजलाच्या तज्ज्ञ, आणि त्याआधी पंधरा वर्षं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात अध्यापन. म्हणजे तिसऱ्या वेळी निवड झाली ती अभियंत्याची.

असा ज्येष्ठ माणूस हलवणं ही वेगळीच कसरत असते. त्याचं घर, प्रयोगशाळा, पीएचडीचे विद्यार्थी, चालू अनुदानं सगळं एका गावात रुजलेलं असतं. शिवाय केंद्राला स्वतःचं टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, देता येत नाही, ते कुठल्यातरी विभागाने द्यावं लागतं. शोधसमिती माणूस ठरवते, मग विभागातले प्राध्यापक मतदान करतात, बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवली जातात, अधिष्ठाता आणि प्रोव्होस्ट (विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार बघणारा वरिष्ठ अधिकारी) सही करतात. ज्या विभागाला हा विषय 'आपला' वाटत नाही तो तिथेच अडवतो. वाटाघाटीत पगारापेक्षा इतर गोष्टींवर जास्त घासाघीस होते: शिकवण्याचे तास किती कमी, प्रयोगशाळेला सुरुवातीचा निधी किती, केंद्राने आणलेल्या अनुदानांवरचा ओव्हरहेड, म्हणजे विद्यापीठ वरखर्चासाठी घेतं तो वाटा, केंद्राकडे परत किती येणार, आणि जोडीदाराच्या नोकरीचं काय. शेवटच्या मुद्द्यावर अनेक नेमणुका फिसकटतात.

घासाघीस कुठवर जाते हे कोलंबिया विद्यापीठाने दाखवलं. 2002 मध्ये तिथल्या अर्थ (Earth, म्हणजे पृथ्वी) इन्स्टिट्यूटसाठी हार्वर्डहून अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांना आणलं, तेव्हा विद्यापीठाने त्यांच्यासाठी मॅनहॅटनमध्ये 80 लाख डॉलरचं घर घेतल्याच्या बातम्या गाजल्या. हे केंद्र नुसतं शहरापुरतं नव्हतं, पण वाऱ्याची दिशा कळते. ती संस्था उभी करण्यात हात असलेले मायकेल क्रो त्याच वर्षी ॲरिझोना स्टेटचे अध्यक्ष होऊन गेले. 2004 मध्ये ज्युली रिग्ली यांच्या दीड कोटी डॉलरच्या देणगीतून तिथे शाश्वततेची संस्था निघाली आणि पुढे शाश्वततेचं स्वतंत्र स्कूल. त्या स्कूलचे पहिले संचालक आपले पुरातत्त्वज्ञ रेडमनच.

आपल्याकडे असा प्रयोग झालाच नाही असं नाही. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डहून परतले आणि 1973 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक सतीश धवन यांनी त्यांना संस्थेत घेतलं, तेव्हा तिथे परिसरशास्त्राचा विभागच नव्हता. त्यांना बसवलं सैद्धांतिक अभ्यासाच्या केंद्रात. आधी माणूस आला, परिसरशास्त्राचं केंद्र त्याच्याभोवती 1980 च्या दशकात उभं राहिलं. बंगळूरच्या तळ्यांवर आणि झाडांवर काम करणाऱ्या हरिणी नागेंद्र त्यांच्याच विद्यार्थिनी. आपल्या बहुतेक विद्यापीठांत मात्र विभागप्रमुखपद सेवाज्येष्ठतेने आळीपाळीने फिरतं. त्या चक्रात शोध घेऊन बाहेरचा माणूस आणायला जागा फारशी उरत नाही.

बाल्टिमोरची पुढची गोष्ट थोडी कडू आहे. फाउंडेशनचं अनुदान ठरावीक वर्षांचं असतं आणि पुन्हा स्पर्धेला उभं राहावं लागतं. दोन दशकांहून अधिक मोजणी झाल्यावर बाल्टिमोरचं नाव त्या जाळ्यातून गळलं, आणि 2021 मध्ये मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिस–सेंट पॉल या जोडशहरांना जागा मिळाली. फिनिक्स तेव्हा टिकून राहिलं. मिनेसोटातही हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे तिथल्या लोकांना बाल्टिमोरच्या ओढ्यांचे जुने आकडे काढून बघावे लागणारच.