इंडोनेशियन साहित्य आणि राष्ट्रीय स्मृती

इंडोनेशियात साहित्याला ‘सास्त्रा’ म्हणतात. हा शब्द मूळचा ‘शास्त्र’. ‘बहासा’ आणि ‘पुस्ताका’ हे शब्द तर मराठी वाचकाला ऐकताक्षणी ओळखू येतात. आधुनिक इंडोनेशियन साहित्याची भाषा मात्र बंदरांतल्या आणि बाजारांतल्या मलाय भाषेतून घडली. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेत एक मायभूमी, एक राष्ट्र आणि एकतेची भाषा अशी शपथ घेतली गेली. सर्वाधिक लोक बोलत असलेल्या जावानीजऐवजी मलायला हा मान मिळाला. त्यामुळे अनेक लेखकांनी मातृभाषा बाजूला ठेवून, देशाबरोबरच आकार घेणाऱ्या भाषेत लिहिले.

तेव्हा इथे राज्य करणाऱ्या डच सरकारच्या ‘बलाई पुस्ताका’ या प्रकाशनसंस्थेने १९२२ मध्ये मारा रुस्ली यांची ‘सित्ती नुरबाया’ ही कादंबरी काढली. वडिलांच्या कर्जापायी नको त्या माणसाशी लग्न करावे लागलेल्या मुलीची ही गोष्ट. घरचे लग्नाची सक्ती करू लागले, की ‘हा काही सित्ती नुरबायाचा काळ नाही’ असे इंडोनेशियन मुली आजही सुनावतात. स्वातंत्र्यलढ्याच्या पिढीचा आवाज ठरलेला कवी चैरिल अन्वर १९४९ मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी गेला.

या साहित्याची खरी कसोटी लागली ती १९६५ नंतर. डावे ठरवलेल्या लाखो लोकांची कत्तल झाली आणि त्यानंतर सत्तेवर आलेल्या लष्करशहा सुहार्तोंच्या राजवटीतल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा मागमूस राहिला नाही. कादंबरीकार प्रामुद्या आनंता तूर (१९२५–२००६) यांना खटला न चालवताच पकडले, त्यांचा ग्रंथसंग्रह नष्ट केला आणि पुढे बुरू बेटावर नेले. तिथे कैदी जंगल तोडून शेती करत. लिहायला परवानगी नव्हती, तेव्हा प्रामुद्या सोबतच्या कैद्यांना मिन्के या तरुण पत्रकाराची आणि न्याई ओंतोसोरोह या स्त्रीची कथा तोंडी सांगत. कागद मिळाल्यावर तिच्या चार कादंबऱ्या झाल्या. पहिलीचे नाव ‘बुमी मानुसिया’, म्हणजे माणसांची भूमी. ती १९८० मध्ये छापली गेली आणि १९८१ मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढे प्रामुद्यांची पुस्तके विकल्याबद्दल तरुण तुरुंगात गेले, तरी ती हातोहात फिरत राहिली. मिन्केमागचे खरे पत्रकार तिर्तो आधी सूर्यो यांचे नाव लोकांपर्यंत पुन्हा पोचवण्यात प्रामुद्यांचा वाटा मोठा आहे. २००६ मध्ये सरकारने तिर्तोंना राष्ट्रीय वीर घोषित केले.

१९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले, पण त्याच सुमारास बेपत्ता झालेला कामगार-कवी विजी थुकुल आजवर सापडलेला नाही. ‘शब्द एकच : लढा’ ही त्याची ओळ मोर्चांतल्या फलकांवर दिसते. लैला चुदोरी यांच्या ‘लाऊत बरचरिता’ (२०१७) या कादंबरीत असाच एक नाहीसा झालेला विद्यार्थी आपली हकीकत सांगतो. त्याचे नाव लाऊत, म्हणजे समुद्र. आणि तो बोलतो समुद्राच्या तळातून.