थांब्यावरचं गणित

हातावर पोट असलेली माणसं चारचौघांसोबत एकाच गाडीतून प्रवास करायला तयार आहेत का, असं वाहतुकीचे अभ्यासक विचारतात. नाशिकमध्ये हा प्रश्न जरा गमतीचा वाटतो. सकाळी द्वारकेला किंवा सातपूरला पाहा: रिक्षात मागे तिघं, ड्रायव्हरला खेटून चौथा, मांडीवर डबा. तयारी कधीचीच आहे! विचारायचं ते असं, की जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस असताना यातले अनेक जण शेअर रिक्षाला हात का करतात?

थेट विचारून याचं उत्तर फारसं मिळत नाही. ‘चांगली बस दिली तर वापराल का?’ याला नाही कोण म्हणेल? सॅन फ्रान्सिस्कोजवळ बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी कामावर जाणारे १५ टक्के लोक ती वापरतील असा सरकारी अंदाज होता. अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी लोक प्रत्यक्षात वेळ, पैसा आणि चालणं यांचा मेळ कसा घालतात ते तपासून ६.३ टक्के सांगितले. निघाले ६.२. अशा निवडींच्या सिद्धान्तासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या हिशेबात सगळ्यात महाग पडतं ते वाट पाहणं. थांब्यावरचं एक मिनिट माणसाला गाडीतल्या मिनिटाच्या दीड ते अडीच पट जड जातं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. बस दर २० मिनिटांनी नेमकी येत असेल तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. पण वाहतुकीत अडकून दोन बस एकापाठोपाठ आल्या आणि पुढची जोडी ४० मिनिटांनी आली, तर? बसफेऱ्या तेवढ्याच, सरासरी थांबणं मात्र २० मिनिटं. वेळापत्रक बनवणाऱ्याला फेऱ्या पूर्ण दिसतात, प्रवाशाला रिकामा रस्ता.

रिक्षा इथेच बाजी मारते. तासाला ४० माणसं न्यायची तर एक बस पुरते, किंवा चार-चार माणसं बसवलेल्या दहा रिक्षा. म्हणजे दर सहा मिनिटांनी एक. दाटीवाटी होते, नियमही मोडतो, पण गाडी समोर असते.

अंबडच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार सरासरीवर जगत नाही. महिन्यात दोनदा उशीर झाला तरी खाडा पडतो, आणि त्यापुढे तिकिटातली बचत किरकोळ ठरते. म्हणून भाडं कमी करण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, दोन बसमधलं अंतर सारखं राखणं महत्त्वाचं आहे.

धुणीभांडी करणाऱ्या बाईचं गणित आणखी वेगळं. तीन घरं, मग शाळा, मग भाजी. प्रत्येक वेळी गाडी बदलली की पुन्हा पैसे. तिला सवलतीपेक्षा दिवसभर चालणारं एकच तिकीट उपयोगी. बस कुठवर आली हे ॲपवर दिसतं खरं, पण घरातला एकुलता स्मार्टफोन मुलाच्या खिशात असतो.

आणि व्हीलचेअरवरची व्यक्ती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला सुगम्य वाहतुकीचा हक्क दिला. पण फुटपाथ तुटलेला असेल तर ती थांब्यापर्यंतच पोचत नाही, आणि थांब्यावर उभं राहून भरलेल्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये तिची नोंदही होत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन, कुठे जायचं राहून गेलं, असं विचारावं लागतं.