भरतीच्या पोस्टरमधलं बोट नेमकं काय करतं?

चित्रकार जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी काढलेलं अंकल सॅमचं, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचं, बोट रोखून सैन्यात बोलावणारं पोस्टर पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये चाळीस लाखांहून अधिक प्रतींत छापलं गेलं. त्याच्यासमोरून डावीकडून उजवीकडे चालत गेलात, तरी ते रोखलेलं बोट पाठ सोडत नाही. चित्रात हाताची लांबी जवळजवळ दिसतच नाही; पुढे बोटाचं टोक, मागे मूठ, त्यामागे खांदा. नजरही थेट समोर. खरा माणूस असता तर बाजूला सरकताच त्याचा दंड आणि कान दिसू लागले असते. सपाट कागदावर नवं काही उघडत नाही, चित्र फक्त अरुंद होतं, म्हणून मेंदूच्या लेखी बोटाची दिशा तीच राहते. मूळ चित्रात हात स्पष्ट तिरका असेल, तर मात्र कुठेही उभं राहा, ते बाजूलाच दाखवतं.

बोटामुळे ‘कुणीतरी जाईलच’ ही पळवाट बंद होते. सॅव्हिल लमली यांचं १९१५ चं ब्रिटिश पोस्टर आणखी खोल जातं. मांडीवरची मुलगी बाबांना विचारते, महायुद्धात तुम्ही काय केलंत? इथे रणभूमी नाही, जखमा नाहीत. युद्ध संपलेलं आहे आणि बाप जिवंत आहे! मरणाची भीती अलगद बाजूला सारून तिच्या जागी उद्याची लाज ठेवली आहे. ही क्लृप्ती मला सर्वांत क्रूर वाटते.

पण मन वळलं म्हणजे पाऊल उचललं असं नाही. येल विद्यापीठातला १९६५ चा धनुर्वाताच्या लशीचा प्रयोग बघा. घाबरवणारं पत्रक वाचून मतं बदलली, तरी लस घेतली सुमारे ३ टक्क्यांनीच. दवाखान्याचा नकाशा देऊन कधी जाणार ते ठरवायला लावलं, तेव्हा सुमारे २८ टक्के गेले. फ्लॅग यांच्या पोस्टरखाली जवळच्या भरती केंद्राचा पत्ता लिहायला जागा सोडलेली असे, ती याच कामाची.

यश नुसत्या चित्राच्या खात्यावर टाकणं चूक ठरेल. चित्रकार आल्फ्रेड लीट यांनी काढलेला, असाच बोट रोखणारा ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर ५ सप्टेंबर १९१४ रोजी एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला, तेव्हा ब्रिटनमधल्या भरतीच्या रांगा आधीच शिगेला पोचल्या होत्या. इतकी माणसं सामावेनात, म्हणून ११ सप्टेंबरला किमान उंचीची अट ५ फूट ६ इंचांवर नेली आणि भरती घसरली. पुढे १९१५ भर भिंती पोस्टरांनी झाकल्या, तरी माणसं कमीच पडली. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला.