न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर की न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा?

बायोप्सीचा रिपोर्ट घरी आला की कुणीतरी लगेच मोबाइल काढतं आणि त्यातला सर्वांत अवघड शब्द शोधायला घेतं. लहान आतड्याच्या या दुर्मिळ कॅन्सरमध्ये तो शब्द 'न्यूरोएंडोक्राइन' असतो. पण रुग्णाचं पुढचं सगळं ठरतं ते त्याच्या शेजारच्या शब्दावर. तिथे 'ट्यूमर' लिहिलंय की 'कार्सिनोमा', हे आधी पाहा.

'न्यूरो' म्हटलं की लोक मेंदूकडे जातात. इरफान खान यांनी मार्च २०१८मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हा न्यूरो म्हणजे दरवेळी मेंदूच असं नाही, हे त्यांना स्वतःच सांगावं लागलं होतं. आतड्याच्या अस्तरात हार्मोन सोडणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. हा आजार त्या पेशींचा.

मायक्रोस्कोपखाली दोघांत गल्लत सहसा होत नाही. ट्यूमरच्या पेशी एकसारख्या, गोल, झुबक्याझुबक्यांनी बसलेल्या दिसतात. आपण मुळात कोण होतो हे त्या विसरलेल्या नसतात. कार्सिनोमात मात्र गडद पेशींची नुसती दाटी, मध्येमध्ये मेलेल्या पेशींचे पट्टे आणि जिकडे पाहावं तिकडे विभाजन चाललेलं. मग केआय-६७ची, म्हणजे विभाजन दाखवणाऱ्या प्रथिनाची, स्लाइड लावतात. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी रंगतात, बाकीची निळी राहतात. सर्वांत जास्त तपकिरी दिसणारी जागा निवडून किमान ५०० पेशी मोजायच्या. डोळे दुखतात, पण हे काम अंदाजाने करायचं नाही, कारण ३ टक्क्यांच्या आत ग्रेड १, ३ ते २० टक्के ग्रेड २ आणि २०च्या वर ग्रेड ३.

इथेच एक खाच आहे. आकडा २०च्या वर गेला म्हणजे कार्सिनोमाच, असं नाही. पेशींची ठेवण शाबूत असेल तर तो ग्रेड ३चा ट्यूमरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या पचनसंस्थेच्या वर्गीकरणात हे दोन वेगळे मांडले आहेत. जुन्या रिपोर्टांत तर संथ गाठीलाही कार्सिनोमा लिहीत. म्हणून नुसता शब्द वाचून घाबरू नका, ठेवण आणि आकडा दोन्ही विचारा.

लहान आतड्यात बहुतेक वेळा सापडतो तो ट्यूमर. खरा कार्सिनोमा तिथे फारच क्वचित. ट्यूमर संथ असतो, लिव्हरमध्ये पसरल्यावरही कित्येक जण वर्षानुवर्षं जगतात. पण संथ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ओबर्नडॉर्फर या जर्मन डॉक्टरांनी १९०७मध्ये अशा गाठींना 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारख्या, असं नाव दिलं आणि १९२९मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं की त्या पसरूही शकतात. गाठ बोराएवढी असते, पण तिच्यामुळे आतड्यामागचा पडदा आक्रसतो, आतडं मुडपतं आणि पोटात कळा येतात. गाठीतून सुटणाऱ्या सेरोटोनिन या हार्मोनला लिव्हर निष्प्रभ करून टाकतं, त्यामुळे बराच काळ काही कळत नाही. लिव्हरमध्येच गाठी झाल्या की ते थेट रक्तात मिसळतं: चेहरा एकाएकी लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत, पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही जाड होतात. अशा कित्येक रुग्णांना 'तुमचं पोटच नाजूक' असं ऐकत वर्षं काढावी लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. या सेरोटोनिनच्या तपासणीला २४ तासांची लघवी देताना केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड आधीपासून बंद ठेवायचे, नाहीतर आकडा खोटाच वाढलेला येतो.

उपचारांच्या वाटा तर पूर्णच वेगळ्या. ट्यूमरच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जागा, भरपूर असतात, म्हणून तो तिथेच चिकटणाऱ्या गॅलियम-डोटाटेट पेट स्कॅनमध्ये उजळतो. शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया, ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शनं, आणि त्याच रिसेप्टरला चिकटून आतून किरणोत्सर्ग देणारं ल्युटेशियम. हे ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि त्याचे उपचार परळला मिळतात. कार्सिनोमात हे रिसेप्टर बहुधा नसतातच. तो साखरेच्या, म्हणजे एफडीजी पेट स्कॅनमध्ये पेटतो आणि त्याला सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनसोबत इटोपोसाइडची केमो लागते, तीही ताबडतोब.

तेव्हा दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि बायोप्सीचा तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.